बाँडिंगनंतर हळद, चहा आणि कडक भाकरी

पत्र:
मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली, वय २६. वरच्या समोरच्या दोन दातांत फट आहे आणि त्यातल्या एकाचा कोपरा लहानपणी हापशावर पडून तुटलेला आहे. बोअरच्या पाण्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डागही आहेत. माघात लग्न आहे, म्हणून येळवस झाली की चार दातांना बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट चढवून आकार देणं, करून घ्यायचं ठरलंय. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर दोन दिवस रंगाचं काही खाऊ नका. आई म्हणते, महिनाभर भाकरी बंद. बहिणीच्या दाढेत चांदी भरली तेव्हा तिला २४ तास त्या बाजूनं चावायचं नाही असं सांगितलं होतं. आमच्या घरात हळदीशिवाय कोरड्यास होत नाही, चहा दिवसातून चार वेळा. पुढे हुरडा आहे, संक्रांत आहे. नक्की काय सोडायचं आणि किती दिवस? बाकीचे दात नंतर ब्लिचिंग करून पांढरे करून घेतले तर चालेल का?

उत्तर:
ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो मागे पडला तर वेळ निघून जाईल. ब्लिचिंग करायचंच असेल तर बाँडिंगच्या आधी करा, नंतर नाही. ब्लिचिंगच्या औषधानं नैसर्गिक दात उजळतो. बाँडिंगला वापरतात त्या कंपोझिटचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाईटचं सिमेंट' म्हणतात त्याचा, मूळ रंग त्यानं बदलत नाही. आधी बाँडिंग करून मग ब्लिचिंग केलंत तर भोवतीचे दात उजळतील, भरलेला भाग तसाच राहील आणि लग्नाच्या फोटोत जोड उठून दिसेल. दुसरं असं की ब्लिचिंगनंतर काही दिवस दाताच्या आवरणात ऑक्सिजन अडकून राहतो. त्यामुळे कंपोझिट नीट घट्ट होत नाही आणि पकड कमी पडते. म्हणून दोन्हींमध्ये साधारण दोन आठवडे मोकळे ठेवतात. तेवढ्यात उजळलेला रंगही एका जागी स्थिरावतो आणि त्याला जुळणारी छटा निवडता येते. यासाठी बाँडिंग संक्रांतीनंतर गेलं तरी बिघडत नाही. उलट तिळगुळाचा प्रश्नही सुटेल. फक्त लग्नाआधी किमान दोन आठवडे राहतील असं बघा. किरकोळ दुरुस्ती लागली तर तेवढा अवधी पुरतो.

डागांबद्दल डॉक्टरांना आजच सांगून ठेवा: लहानपणापासून आहेत, बोअरचं पाणी प्यायलेलं आहे, गावात आणखी कुणाकुणाचे दात असे आहेत. किनवट तालुक्यासह मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वरचं पाणी लहान मुलं वर्षानुवर्षं पीत राहिली की तयार होत असलेल्या दाताच्या आवरणातच दोष राहतो. बाँडिंगशी याचा थेट संबंध आहे. कंपोझिट चिकटावं म्हणून दात आधी ३७ टक्क्यांच्या आसपासच्या फॉस्फोरिक ॲसिडच्या जेलनं १५ ते ३० सेकंद खरखरीत करतात. फ्लोराईड जास्त असलेलं आवरण या ॲसिडला दाद देत नाही. तिथे जेल जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा पातळ थर आधी घासून घ्यावा लागतो. हे राहून गेलं तर तुम्ही कितीही जपून खा, कड सुटू शकते. आज फिल्टरचं पाणी प्यायल्यानं जुने डाग जाणार नाहीत आणि या वयात नवे येणारही नाहीत, तेव्हा त्या काळजीत पडू नका.

आता खाण्याचं. बाँडिंगला दोन वेगळे धोके असतात: रंग लागणं आणि तुकडा उडणं. रंगाचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, पुढे बराच कमी होतो. तुकडा उडण्याचा धोका मात्र पहिल्या दिवशी जितका तितकाच तीन वर्षांनीही असतो. बरेच जण दोन दिवस कडक पथ्य पाळतात आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या दातांनी ऊस सोलायला बसतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले दोन दिवस रंगाचे आहेत. भाकरीची मुदत मात्र महिनाभराची नाही. ती बंद करायची गरजच नाही, खायची पद्धत तेवढी कायमची बदलायची.

बहिणीला सांगितलेला नियम खरा आहे, पण तो चांदीचा. चांदी पाऱ्यात कालवून भरतात आणि ती आपोआप, हळूहळू घट्ट होते. पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास जातात. कंपोझिटचं तसं नाही. डॉक्टर त्याचा दोनेक मिलिमीटर जाडीचा थर लावतात, त्यावर निळा लाईट धरतात, मशीन आणि मालानुसार १० ते ४० सेकंद, मग पुढचा थर. खुर्चीतून उठता तेव्हा ते चावण्याइतकं घट्ट झालेलं असतं. घरी जाऊन लगेच जेवलात तरी चालतं. भुलीचं इंजेक्शन दिलं असेल तर मात्र बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, थांबा. बधिर ओठ घासाबरोबर चावला जातो आणि गरम चहानं पोळला तरी कळत नाही. समोरच्या दातांच्या साध्या बाँडिंगला बऱ्याचदा भूल लागतच नाही.

मग रंगाला दोन दिवस का? लाईट मारल्यावर कंपोझिट बरंच घट्ट होतं, पण आतली प्रक्रिया पुढचा दिवसभर हळूहळू चालूच असते. शिवाय नवं कंपोझिट सुरुवातीच्या दिवसांत लाळेतलं पाणी शोषून घेतं आणि पाण्याबरोबर रंगही आत शिरतो. वरचा हवेला लागलेला अगदी पातळ थर तर चिकटच राहतो. पॉलिश करताना तो निघून जातो, पण हिरडीजवळ आणि दोन दातांच्या मधल्या फटीत थोडा उरू शकतो. रंग पहिला तिथेच धरतो.

दोन दिवस खायचं काय, याचं उत्तर तुमच्या घरात आधीपासून तयार आहे: उपवासाचा स्वयंपाक. त्यात हळद नसते, लाल तिखट नसतं, काळा मसाला नसतो. भगर आणि हिरव्या मिरचीची शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, उकडलेलं रताळं, केळी, दही. याशिवाय दूधभात, ताकभात, जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिलेली पण हळद न घातलेली मुगाची खिचडी, तसाच उपमा, इडली, पनीर, उकडलेलं अंडं. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तर पहिल्या रात्रीसुद्धा हरकत नाही. उपवासाच्या पदार्थांतल्या दोन गोष्टी मात्र वगळा: राजगिऱ्याची चिक्की, कारण ती कडकही आहे आणि चिकटही, आणि कोकम सरबत, कारण त्याचा रंग. या दोन दिवसांत चहा, कॉफी, बीट, जांभळ्या द्राक्षांचा रस, सॉस, येसराची आमटी, पान, मुखवासातली रंगीत बडीशेप हे सगळं बाजूला. चहा सुटतच नसेल तर चहापत्तीशिवाय आलं-वेलदोड्याचं कोमट दूध घ्या. डोकं थोडं दुखेल, दोन दिवसांनी थांबेल.

हळदीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण शेजारी हिंगोली-वसमत म्हणजे हळदीचं आगर आणि आपल्याकडे ती पोह्यांपासून धपाट्यांपर्यंत सगळीकडे. रोजच्या खाण्यातल्या रंगांमध्ये कंपोझिटला सगळ्यात पक्की धरते ती हळदच. तिचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो आणि कंपोझिटची राळही तेलाच्याच स्वभावाची असते. म्हणून फोडणीतली हळद कोरड्या हळदीपेक्षा जास्त लागते आणि नुसत्या पाण्याच्या चुळीनं पूर्ण निघत नाही. पॉलिश उत्तम असेल तर ती वरच राहते आणि ब्रशनं जाते. पॉलिश कच्चं असेल तर आत उतरते. त्यामुळे दोन दिवसांनंतर हळद खायला मोकळ्या आहात, पण जेवण झाल्या झाल्या पाण्यानं खळखळून चूळ भरा आणि रात्री ब्रश चुकवू नका. महिन्याभरात हलकी पिवळी झाक दिसली तर घाबरू नका. हळदीचा रंग उजेडानं फिका पडतो, कपड्यावरचा डाग उन्हात जातो तसाच, आणि उरलेला पॉलिशमध्ये निघतो. लग्नात अंगाला हळद लावतील तेव्हा ओठ मिटून घ्या, ओठांवर आधी व्हॅसलिन लावा आणि नंतर चूळ भरा. एवढं पुरे.

चहाचं गणित वेगळं आहे. चहातलं टॅनिन दाताच्या पृष्ठभागावर थरावर थर बसवत तपकिरी करतं. दूध घातलेला चहा कोऱ्या चहापेक्षा कमी डाग पाडतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. म्हणजे आपला दुधाचा चहा त्यातल्या त्यात बरा. किती कप, यापेक्षा तो किती वेळ तोंडात घोळतो याला जास्त महत्त्व आहे. अर्धा तास एकेक घोट घेत बसण्यापेक्षा पाच मिनिटांत संपवा आणि वर दोन घोट पाणी प्या. बशीतून फुरका मारत प्यायला चहा आधी समोरच्या दातांनाच लागतो, कपातून प्या. चारचे दोन कप करता आले तर फरक दिसेल. थंड पेयांना नळी वापरायची असेल तर तिचं टोक दातांच्या मागे, जिभेवर यायला हवं. ओठांत धरून चोखली तर पेय दातांवरूनच जातं आणि नळीचा काही उपयोग होत नाही.

हिरड्या सुजल्या म्हणून मेडिकलमधून आणलेला क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश हे डाग पडण्याचं एक कारण आहे, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याबरोबर चहा चालू असेल तर आठ-दहा दिवसांत दात आणि बाँडिंग दोन्ही तपकिरी दिसायला लागतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो घेऊ नका. घरात कुणी मिश्री लावत असेल आणि तुम्हालाही सवय असेल तर ती सोडायची हीच वेळ. मिश्रीत तंबाखू आहे, ती हिरड्यांना आणि तोंडाला घातक आहेच, वर तिच्या कणांनी पॉलिशवर चरे पडतात आणि प्रत्येक चऱ्यात डाग बसतो. कोळशाची पावडर, मीठ, खायचा सोडा, 'पांढरेशुभ्र' म्हणून विकली जाणारी खरखरीत पेस्ट, सगळ्यांचं तेच. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराईडची पेस्ट पुरेशी आहे. पाण्यात जास्त फ्लोराईड असल्याचा दोष पेस्टला लावू नका. मोठ्या माणसानं पेस्ट थुंकून टाकली की प्रश्न नसतो.

आंबटाचं थोडक्यात: अंबील, चिंचेचं सार, लिंबू सरबत, बाटलीतलं थंड पेय यांनी दाताचं आवरण काही वेळ नरम पडतं. लगेच ब्रश करू नका, चूळ भरून अर्धा तास जाऊ द्या.

आता तुकडा उडण्याचं. तुटलेला कोपरा बांधतात तेव्हा कंपोझिटच्या खाली दाताचा आधार नसतो, ते कडेला धरून बाहेर आलेलं असतं. मागच्या दाढेत भरलेलं सिमेंट चारी बाजूंनी भिंतींत बसलेलं असतं, म्हणून ते सरळ दाब सोसतं. समोरच्या कोपऱ्यावर मात्र तोडताना, ओढताना, पिरगळताना जोर आडवा येतो आणि थर सोलला जातो. म्हणून नियम एकच: पुढच्या दातांनी तोडायचं नाही. हातानं किंवा सुरीनं तुकडा करून दाढेकडे द्यायचा. ताजी, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी हातानं मोडून खाल्ली तर काहीच होत नाही. शिळी वाळलेली कडक भाकरी आमटीत किंवा दुधात भिजवा, तिचा काठ पुढच्या दातांत धरून कडकन मोडू नका. आईंना हे असं सांगा: भाकरी चालेल, काठ तोडणं चालणार नाही.

हुरड्याला खुशाल जा. हुरडा मऊ असतो आणि दाढेनंच खाल्ला जातो. फक्त हातावर चोळून नीट पाखडून घ्या, आगटीतला खडा दाताखाली आला तर बाँडिंगच काय, मूळ दातही तडकतो. सोबतचा ऊस दातांनी सोलायचा नाही. कांड्या सोलून, गंडेऱ्या करून दाढेनं चघळा. मक्याचं कणीस दाणे काढून खा. बोराला पुढचे दात लावले की बी लागते, ते बोटानं फोडून घ्या. पेरू आणि सफरचंद फोडी करून. सुपारी, बर्फ, मटणाची नळी, भाजलेले कडक हरभरे पुढच्या दातांत नकोत. संक्रांतीच्या कडक तिळगुळाचा लाडू तर मोठ्यांच्या धडधाकट दाढांनाही जड जातो. बाँडिंग आधी झालंच तर या वर्षी तुमच्या वाट्याला मऊ गुळाची वडी ठेवा, तीही चिकट नसेल तर.

खाण्यापेक्षाही तुकडे जास्त उडतात ते इतर सवयींनी. शाम्पूची पुडी दातांनी फाडणं, सुईचा दोरा तोडणं, नखं खाणं, पेनाचं टोपण चावणं. लग्नघरात आणखी एक असते, केसांची पिन दातांनी उघडणं. एका हातात अंबाडा धरलेला, दुसऱ्या हातात पिन, ती दातांत धरून तिचे पाय फाकवायचे. नेमका त्याच कोपऱ्यावर धातूचा आडवा जोर. पिना कुणाकडून तरी उघडून घ्या. रात्री दात खाण्याची सवय असेल, सकाळी जबडा दुखत असेल, तर बाँडिंगच्या आधीच डॉक्टरांना सांगा. झोपताना घालायचा गार्ड करून घ्यावा लागेल.

बाँडिंग झालेल्या दिवशी घरी आल्यावर तीन गोष्टी बघा. पहिली उंची. ताठ बसून दात हलकेच टकटक मिटा आणि बोटाची पेरं वरच्या बाँडिंग केलेल्या दातांवर बाहेरून टेकवून ठेवा. मग खालचा जबडा पुढे आणून पुन्हा मिटा. एखादाच दात बोटाखाली थरथरला किंवा तोच आधी लागतोय असं वाटलं, तर तो 'उंच' झालाय. हे सवयीनं जात नाही. तसाच चावत राहिलात तर दात दुखेल किंवा कड उडेल. दोन-तीन दिवसांत परत जा, निळ्या कागदावर दात टेकवून उंचवटा घासायला पाच-दहा मिनिटं लागतात. दुसरी पॉलिश. स्वच्छ रुमालानं दात कोरडा करून मोबाईलची टॉर्च बाजूनं धरा. भरलेला भाग शेजारच्या दाताइतका चमकायला हवा आणि जीभ फिरवली तर खरखर लागायला नको. तिसरी, फटीतला दोरा. फ्लॉस दोन दातांमधून हिरडीपर्यंत जायला हवा. तो अडकत असेल, कुसळं निघत असतील, तर तिथे सिमेंटचा उंचवटा राहिलाय. तिथे अन्न अडकेल, हिरडी सुजेल आणि रक्त येईल.

रंग जुळला की नाही याचा निकाल मात्र त्या दिवशी लावू नका. काम चालू असताना दात कोरडे पडतात आणि खडूसारखे पांढरट दिसतात. एक-दोन दिवसांत ओलावा परत आला की खरा रंग दिसतो. थंड पाण्याची हलकी कळ आठवडा-दोन आठवडे येऊ शकते. ती वाढत गेली, आपोआप ठणका लागला किंवा चावताना दुखलं तर वाट बघू नका.

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी एक पॉलिश ठरवूनच ठेवा, आणि पुढे सहा महिने ते वर्षातून एकदा. कडेला बारीक तपकिरी रेघ दिसली तर बहुतेक वेळा ती पॉलिशनं जाते. तीच रेघ पुन्हा पुन्हा येत असेल तर आत फट पडली आहे का, कीड आहे का, हे तपासावं लागतं. नीट जपलेलं बाँडिंग साधारण पाच-सात वर्षं चालतं, नंतर वरचा थर बदलावा लागतो.

आणि ऐन वेळी तुकडा उडालाच तर घरी चिकटवायचा प्रयत्न करू नका. झटपट चिकटणारा गोंद हिरडी भाजतो आणि नंतर डॉक्टरांना तो खरवडून काढत बसावं लागतं. नेलफाइलनं कड घासू नका. डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी सांगा: कोणता दात, उडालेला तुकडा पांढऱ्या सिमेंटचा वाटतो की दाताचा, आणि कळ येते का. सिमेंटचा असेल तर तो टाकून द्या, उरलेला भाग खरखरीत करून त्यावरच नवा थर चढवता येतो, सगळं काढावं लागत नाही, बहुधा एकाच बैठकीत होतं. दाताचा तुकडा असेल तर तो थोड्या दुधात टाकून सोबत न्या, तो परत बसवता येण्याची शक्यता असते.